संगणकाचा वेग आणि भावोजींची अक्कलदाढ

भावोजी स्वतःची ओळख करून देताना आधी घसा खाकरत, मग समोरच्याला आपादमस्तक न्याहाळत आणि मग हलक्या आवाजात सांगत, "मी खासगी गुप्तहेर आहे. कृपया हे कोणाला कळू देऊ नका." हे ते दूधवाल्याला सांगत, न्हाव्याला सांगत, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. त्यामुळे ते गुप्तहेर आहेत ही गोष्ट अख्ख्या वस्तीत फक्त गुन्हेगारांपासून गुप्त राहिली होती, आणि तीही वस्तीत गुन्हेगार नव्हते म्हणून. "नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि चाल मांजराची," असं ते स्वतःचं वर्णन करत. त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईला, हे तिन्ही प्राणी मान्य होते. तिच्या मते फक्त वाटप चुकलं होतं. चाल हत्तीची होती आणि स्मरणशक्ती मांजराची. घारीची नजर खरी, पण ती ताटावर.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठा खात्यात केली, मीटर तपासनीस म्हणून. लोकांच्या दाराशी वाकून मीटर वाचता वाचता त्यांना लोकांच्या दारात वाकून बघायची सवय जडली, आणि निवृत्तीनंतर त्या सवयीला त्यांनी व्यवसाय म्हणायला सुरुवात केली. आजवर त्यांनी तडीस नेलेल्या प्रकरणांत हरवलेल्या चष्म्याचं प्रकरण सर्वांत गाजलं. चष्मा त्यांच्याच कपाळावर सापडला. तो तिथे कोणी ठेवला, याचा तपास अजून चालू होता.

प्रत्येक गुप्तहेराला एक सहायक लागतो. भावोजींना तो आयता मिळाला होता, ताईचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला मेहुणाच म्हणत. मेहुणा एका छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं काढायचा. छापखाना बंद पडला तेव्हा ताईनं त्याला मागच्या खोलीत राहायला बोलावलं. चार दिवसांसाठी आलेल्या मेहुण्याचा मुक्काम लांबत गेला, आणि खोलीच्या भाड्याऐवजी त्याला भावोजींचं ऐकून घ्यावं लागे. भाडं परवडलं असतं, असं त्याला अधूनमधून वाटायचं.

त्या खोलीत बसून मेहुण्यानं एक गोष्ट मात्र मनापासून केली. त्यानं एक छोटं चलचित्र काढलं. हातानं काढलेली चित्रं हलती-बोलती करणाऱ्या एका स्टुडिओला माणूस हवा होता, आणि त्यांनी नमुना मागवला होता. चित्रं तयार होती, आवाज तयार होता. आता हे सगळं एकत्र करून अखेरची फिल्म बाहेर काढायची होती, आणि ते काम संगणकाचं. जुना संगणक या कामाला बसला की म्हाताऱ्या नातेवाइकासारखा बसायचा. उठायचंच नाव नाही. म्हणून मेहुण्यानं सुटे भाग आणून स्वतःच्या हातानं नवा संगणक जोडला. प्रोसेसर बसवताना त्यानं श्वास रोखून धरला होता. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरायला लागले, तेव्हा तो खुर्चीत बसून नुसता बघत राहिला. छापखाना सुटल्यापासून त्यानं हात लावलेली आणि चालू झालेली ही पहिलीच गोष्ट होती.

फिल्म दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचवायची होती. सकाळीच काम लावलं असतं तर या वेगानंही फिल्म जेमतेम निघाली असती. शहाणा माणूस काम लावून मोकळा झाला असता. पण नव्या यंत्राचा मालक शहाणा असतो, असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मेहुण्याला जेमतेम नको होतं. भाग विकताना दुकानदार म्हणाला होता, "प्रोसेसरचा वेग कंपनी जपून ठेवते. त्याच्या अंगात त्याहून जास्त दम असतो. तो दम बाहेर काढायला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याचा एक प्रोग्राम देतो, सगळं आपोआप करतो. बटण दाबायचं आणि विसरून जायचं."

मेहुण्यानं प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक भलीमोठी सूचना आली. जगातली सगळी माणसं अशा सूचनेचं जे करतात तेच त्यानं केलं. खाली 'पुढे' लिहिलेलं बटण शोधलं आणि दाबलं.

आकडे वर सरकू लागले. पंख्यांचा आवाज वाढला. मेहुणा समाधानानं मागे रेलला, आणि पडदा काळा झाला.

पुन्हा उजेड आला, प्रोग्राम आपला आपण उघडला, आकडे पुन्हा चढू लागले. थोड्या वेळानं परत काळोख. मेहुण्यानं खाली वाकून खोक्यात डोकावून पाहिलं. एखादा स्क्रू जास्त आवळला का आपण? एखादी वायर उलटी लागली?

"संशयास्पद शांतता," दारातून आवाज आला. भावोजी उभे होते. हातात भिंग होतं आणि भिंगावर लोणी.

"काही नाही भावोजी. संगणक हँग होतोय."

भावोजींचा चेहरा गंभीर झाला. "फाशी," ते म्हणाले. "स्वतःहून, की कोणी दिली?"

मेहुण्यानं उत्तर देण्याआधीच पडदा तिसऱ्यांदा काळा झाला. भावोजी विजेसारखे पुढे झाले आणि त्यांनी भिंतीतला प्लग ओढून काढला.

"हे काय केलंत?"

"घटनास्थळ गोठवलं. पुरावा आतच असतो, वीज बंद केली की तो पळून जाऊ शकत नाही."

मेहुण्याला हे पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि ज्याच्या घरात राहायचं त्याच्याशी सकाळी सकाळी वाद घालू नये हे त्याला छापखान्यानं नाही, तरी परिस्थितीनं शिकवलं होतं.

"मी दुकानदाराला फोन करून विचारतो," तो म्हणाला.

भावोजींनी फोन त्याच्या हातातून अलगद काढून खिशात टाकला. "संशयिताला सावध करायचं नसतं. माल कोणी दिला? त्यानं. प्रोग्राम कोणी दिला? त्यानं. आणि वर काय म्हणाला? विसरून जा. मला सांग, निर्दोष माणूस कधी 'विसरून जा' असं म्हणेल का? विसरायला तोच सांगतो ज्याला आठवण नको असते."

"त्याला नंतर माझ्याकडून आणखी गिऱ्हाइकं हवी आहेत, भावोजी. तो मला कशाला बिघडलेला माल देईल?"

"म्हणूनच तर. कोणालाही संशय येणार नाही. फार हुशार माणूस आहे."

या तर्कशास्त्रानं जगातला कुठलाही निर्दोष माणूस दोषी ठरला असता, आणि दोषी माणूस तर निसटलाच असता. मेहुण्यानं प्लग लावला, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला. आकडे चढले, पडदा काळा झाला, भावोजींनी प्लग काढला. साप साप म्हणून भुई धोपटणं ज्याला म्हणतात ते भावोजी इतक्या तन्मयतेनं करत होते, की सापालाही लाज वाटून तो बाहेर आला असता. पण त्यासाठी साप असावा लागतो.

दुपारपर्यंत दुकानदार बाजूला पडला आणि संशय घरात शिरला. "आपलेच दात, आपलेच ओठ," भावोजी उसासा टाकून म्हणाले. "पडदा काळा झाला तेव्हा घरात आपण दोघं होतो. तिसरी कोण होती?"

तिसरी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भावोजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सकाळपासून तू मिक्सर किती वेळा लावलास?"

"एकदाही नाही," ताई म्हणाली. "बंद आहे तो. मागच्या आठवड्यात त्यात कोणीतरी तपास केला होता."

भावोजींनी हा मुद्दा पुढे रेटला नाही. ताई हात पुसत खोलीच्या दारापर्यंत आली आणि भावाकडे बघितलं. तो खुर्चीच्या टोकाला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. लहानपणी निकालाच्या दिवशी तो असाच बसायचा.

"होईल रे," ती म्हणाली.

"वेळ गेला ताई. आता ह्याच वेगानं लावलं तर उद्या दुपारपर्यंत निघत नाही. आणि वेग वाढवायला जावं तर हे असं. मीच काहीतरी चुकीचं जोडलंय."

"जोडलेलं चालू झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग झालं होतं," ताई म्हणाली आणि परत गेली. मेहुण्याला यातून नेमकं काय घ्यायचं ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

तेवढ्यात खालून आवाज आला. सूंऽऽऽ. खाली तळमजल्यावर दंतवैद्याचा दवाखाना होता आणि दात कोरायच्या यंत्राचा तो आवाज दिवसभर वर येत असे. आवाज चढला, आणि नेमका त्याच क्षणी पडदा काळा झाला. भावोजी प्लगला धरून जागच्या जागी थिजले.

"सापडला," ते पुटपुटले. "तो खाली यंत्र चालवतो आणि आपली वीज ओढून घेतो. आपला संगणक उपाशी मरतो. हा माणूस लोकांचे दात कोरून पोट भरतो, आणि वर आपल्या विजेवर."

योजना लगेच ठरली. भावोजी रुग्णाच्या वेशात दवाखान्यात घुसणार. वेशांतर म्हणजे त्यांनी गालाला रुमाल बांधला. मेहुणा त्यांच्या सोबतीला, चिंताग्रस्त नातेवाईक म्हणून. त्याला वेगळं वेशांतर लागलं नाही. निघण्याआधी मेहुण्यानं प्रोग्राम पुन्हा सुरू केला. ताईला इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत असल्यामुळे तिथेच थांबायला सांगण्यात आलं.

"पडदा काळा झाला की झाडूच्या दांड्यानं जमिनीवर ठोक," भावोजींनी बजावलं. "मी खाली त्याला रंगेहाथ पकडतो."

"बरं," ताई म्हणाली. लग्नानंतर 'बरं' या शब्दाचे जितके अर्थ तिनं तयार केले होते, त्यांतला हा बहुधा सातवा होता. त्याचा अर्थ 'नाही' असा होता.

दवाखान्यात दुसरा रुग्ण नव्हता. दंतवैद्यानं भावोजींना खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि विचारलं, "कुठली दाढ?"

हा प्रश्न भावोजींच्या योजनेत नव्हता. त्यांनी क्षणभर विचार करून तोंडात कुठेतरी मागे बोट दाखवलं. दंतवैद्यानं आरसा घालून पाहिलं, चिमट्यानं टकटक केलं आणि मान हलवली.

"अक्कलदाढ आहे. पार किडली आहे. बरं झालं आज आलात. काढूनच टाकू."

तो सुई आणायला वळला तसा मेहुणा भावोजींच्या कानाशी लागला. "भावोजी, उठा. तुमची दाढ दुखत नाहीये."

"हळू बोल. वेशांतर अर्धवट सोडून उठलो तर त्याला संशय येईल."

"येऊ दे की. दाढ जाईल तुमची."

"तपासात त्याग करावा लागतो," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज मात्र त्याग करणाऱ्या माणसाचा नव्हता. खुर्चीचे हात त्यांनी इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. मेहुण्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भावोजींनी तो झटकला नाही.

सुई टोचली. गाल बधिर व्हायच्या आत कबुलीजबाब घ्यावा म्हणून भावोजींनी तोंडात नळी, कापूस आणि दंतवैद्याची दोन बोटं असताना विचारलं, "उंई ईज उउऊं एता?"

"नाही, नाही, फार नाही दुखणार," दंतवैद्य प्रेमानं म्हणाला. 'तुम्ही वीज कुठून घेता' हा प्रश्न असा वाया गेला. वरून झाडूचा आवाज काही आला नाही. दाढ मात्र आली. दंतवैद्यानं ती चिमट्यात धरून दोघांना दाखवली. ती खरोखरच आतून काळी होती. सबंध तपासात हाती लागलेला तो एकमेव गुन्हेगार.

भावोजींना बोलता येत नाही हे बघून मेहुण्यानं त्यांच्या वतीनं विचारलं, "डॉक्टर, तुमच्या ह्या यंत्राला वीज फार लागते का हो?"

"ह्याला? हे हवेच्या दाबावर फिरतं," दंतवैद्य म्हणाला. "हवेची टाकी सकाळी एकदा भरून ठेवतो. का?"

"सहज," मेहुणा म्हणाला. भावोजींनी डोळे मिटून घेतले.

वर आल्यावर ताईनं दार उघडलं. नवऱ्याचा भोपळ्यासारखा गाल बघितला, त्याला पुढच्या खोलीत पलंगावर निजवलं, गालाला बर्फाची पिशवी लावली आणि ती धरून बसायला भावाला सांगितलं. भावोजी बोलू शकत नव्हते. उठूही शकत नव्हते. घराला कित्येक दिवसांत अशी शांतता मिळाली नव्हती. मेहुणा पिशवी धरून बसला आणि छताकडे बघत मनातल्या मनात स्टुडिओला पत्र लिहू लागला, की नमुना वेळेत पाठवता आला नाही, क्षमस्व. 'क्षमस्व' पुरेसं आहे की आणखी काही लिहावं, यावर तो अडला होता तेव्हा ताई इस्त्रीचे कपडे घेऊन बाहेर आली.

"तुझ्या यंत्राचं झालं वाटतं," ती म्हणाली.

"काय झालं? जळलं?"

"काम झालं म्हणते मी. हिरवी खूण आलीय. खाली लिहिलंय, वेग वाढवला, तपासणी पूर्ण."

मेहुणा उठला. बर्फाची पिशवी भावोजींच्या छातीवर पडली. खोलीत पडद्यावर खरंच हिरवी खूण होती आणि प्रोसेसर आधीपेक्षा चांगलाच वेगात, एकदम शांतपणे चालला होता.

"पण तो बंद पडत नव्हता?"

"पडत होता की. चारपाच वेळा पडला. आपला आपण उठत होता. मी इस्त्री करत होते."

"मग तू ठोकलं का नाहीस?"

"खाली माणसाच्या तोंडात सुई असताना मी वरून ठोकू?" ताईनं चादरीची घडी घातली. "आणि तसंही, कुकरची शिट्टी झाली की दर वेळी आपण गॅस बंद करून झाकण उघडतो का? तो त्याचं करत होता काहीतरी. मी करू दिलं."

मेहुण्यानं प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. सकाळची ती भलीमोठी सूचना परत आली. या वेळी त्यानं ती वाचली. वेग थोडा थोडा वाढवून प्रोग्राम प्रोसेसरचा दम आजमावतो. झेपत नाही तिथे संगणक बंद पडतो, आपोआप सुरू होतो, एक पायरी खाली येतो. असं बरेचदा होईल. घाबरू नये. हात लावू नये. मध्येच वीज बंद केल्यास सर्व काम पहिल्यापासून करावं लागेल.

म्हणजे संगणकाला काहीही झालेलं नव्हतं. तो बंद पडत होता कारण बंद पडणं हेच त्याचं काम होतं. आणि ते काम सकाळपासून पुनःपुन्हा उधळून लावणारा एकच इसम होता. तो या क्षणी पुढच्या खोलीत, गालाला हात लावून, छतावरच्या कोळ्याकडे संशयानं बघत पडला होता. त्याला दूर ठेवायला एक अक्कलदाढ खर्ची घालावी लागली होती. मेहुण्याला रडावं की हसावं कळेना. मग तो हसला. ताई आधीच हसत होती, तोंडाला चादर लावून.

फिल्म त्यानं लगेच कामाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार झाली आणि दुपारच्या आत स्टुडिओत पोचली.

भावोजींची जीभ सुटली तशी हकिकत वस्तीभर झाली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे यंत्राला एकांत हवा आहे हे त्यांनी सुरुवातीलाच ओळखलं होतं, आणि घरातल्या कोणालाही कळू न देता तो एकांत घडवून आणण्यासाठी त्यांनी स्वतःच्या देहाचा एक भाग कामी लावला होता. न्हाव्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं, कारण त्याच्या हातात वस्तरा होता आणि त्याला घाई करता येत नव्हती.

दोन दिवसांनी स्टुडिओतून एका बाईंचा फोन आला. मेहुणा उभा राहून बोलला. फिल्म आवडली होती. काम घरूनच करायचं होतं, आणि पहिल्यांदा हीच गोष्ट वाढवून हवी होती. "तुमचा हा म्हातारा फार गोड आहे," बाई म्हणाल्या. "कपाळावर चष्मा ठेवून सगळं गाव पालथं घालतो. पण एकटाच बडबडतो हो सारखा. पुढच्या भागात त्याच्याशी बोलायला कोणीतरी द्या."

मेहुण्यानं फोन ठेवला आणि ताईला बातमी सांगितली. ती त्याचे केस विस्कटून स्वयंपाकघरात गेली. तिथे बराच वेळ एकही भांडं वाजलं नाही.

भावोजी मागच्या खोलीत संगणकापुढे बसून फिल्म बघत होते. पडद्यावरचा म्हातारा त्यांच्यासारखाच मागे हात बांधून, पोट पुढे काढून, हत्तीच्या चालीनं चालला होता. मेहुणा दारातच थांबला. भावोजींनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली.

"माणूस बुद्धीनं बेताचा आहे," ते म्हणाले. "पण जिद्द सोडत नाही. मला आवडला."

"बाई म्हणतात, त्याला सोबत द्या."

"बरोबर आहे. असला माणूस एकटा सोडू नये, काहीतरी करून बसेल. याला एखादा गरीब स्वभावाचा, सगळं निमूट ऐकून घेणारा कोणीतरी पाहिजे."

"असा कोण मिळणार, भावोजी?"

भावोजींनी भिंग खिशात ठेवलं आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

"ते तू शोध," ते म्हणाले. "या घरात सगळं मीच शोधायचं का?"